डांसांचा निर्वंश : एक नीतिविचार

डांस मारणें हें पाप आहे काय, हा प्रश्न आज आपल्या समाजांत फारसा कोणी गंभीरपणें विचारीत नाहीं. ज्या घरांत मुंग्यांना साखर घालतात, त्याच घरांत रात्रीं मच्छरदाणी लावतात, धूर करतात. आणि अंगावर बसलेल्या डांसावर पडणारा हात कोणत्याही शास्त्राधाराची वाट पाहत नाहीं. स्वसंरक्षणाचा हा हक्क इतका स्वाभाविक आहे कीं त्याचें समर्थन करण्याची गरज कोणास भासत नाहीं. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत विज्ञानानें जो प्रश्न आपल्यापुढें आणून ठेविला आहे तो याहून निराळा आहे. डांसांचा नाश करण्यासाठीं डांसच सोडावयाचे. प्रयोगशाळेंत ज्यांचें बीज बुद्धिपुरःसर बदललें आहे असे नर लक्षावधींच्या संख्येनें गांवाच्या हवेंत मोकळे करावयाचे, आणि त्यांच्या संततीच्या द्वारें त्या जातीचा क्षय घडवून आणावयाचा, असा हा उपाय आहे. एक डांस चिरडणें आणि एका जातीच्या वंशांत हात घालणें, या दोन कृति एकाच मापानें मोजतां येतील काय? येत नसल्यास दुसऱ्या कृतीस कोणतें माप लावावें? हा विचार आम्ही या लेखांत वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. जगांत डांसांच्या सुमारें साडेतीन हजार जाति आहेत; त्यांपैकीं माणसाला रोग देणाऱ्या अगदीं थोड्या. हिंवताप पसरविणारा अनॉफिलीस, हत्तीरोगाचा वाहक क्यूलेक्स, आणि डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका व पीतज्वर यांचा वाहक एडीस इजिप्ती, हीं त्यांतलीं प्रमुख नांवें. यांतही चावते ती मादीच. कारण अंडीं पक्व होण्यास तिला रक्त लागतें. नर फुलांतील रसावर जगतो व कोणास उपद्रव देत नाहीं. या एका भेदावर नव्या उपायाची सारी इमारत उभी आहे. नर कितीही सोडले तरी चावणें वाढत नाहीं. आणि मादी बहुधा एकदांच समागम करीत असल्यामुळें निष्फळ नराशीं तिची गांठ पडली कीं तिची संतति बुडाली.

ही युक्ति डांसांसाठीं निघालेली नव्हती. गुरांच्या जखमेंत अंडीं घालणारी एक माशी अमेरिका खंडांत आहे. तिच्या अळ्या जिवंत जनावराचें मांस खातात. एडवर्ड निप्लिंग व रेमंड बुशलंड या दोघां शास्त्रज्ञांनीं किरणोत्सर्गानें वांझ केलेल्या माशा सोडून तिचा नायनाट करण्याची कल्पना लढविली. १९५४ सालीं क्युरसाव बेटावर तिचा प्रयोग झाला आणि थोड्याच महिन्यांत तें बेट मोकळें झालें. पुढें पन्नास वर्षें खपून ती माशी संयुक्त संस्थानें, मेक्सिको व मध्य अमेरिका येथून हटवीत हटवीत पनामाच्या चिंचोळ्या भूमीपर्यंत मागें रेटण्यांत आली. परंतु २०२३ पासून ती पुन्हां उत्तरेकडे सरकूं लागली आणि २०२४ सालाच्या अखेरीस मेक्सिकोंत येऊन पोंचली. हा यशाचा इतिहास सांगतांना त्याचा हा शेवटचा अध्यायही सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. निसर्गांत मिळविलेला विजय हा भाडेपट्ट्यानें मिळालेल्या घरासारखा असतो. भाडें थकलें कीं ताबा जातो.

किरणोत्सर्गानें डांस दुबळे होतात. म्हणून पुढील पिढीच्या शास्त्रज्ञांनीं जनुकाचा मार्ग धरिला. ऑक्सफर्ड येथें २००२ सालीं निघालेल्या ऑक्सिटेक या कंपनीनें एडीस इजिप्तीच्या बीजांत असा एक जनुक बसविला कीं त्यामुळें पेशींत एक प्रथिन बेसुमार सांचतें आणि संतति प्रौढ होण्यापूर्वींच मरते. प्रयोगशाळेंतील पाण्यांत टेट्रासायक्लीन हें औषध घातलें असतां हा जनुक निद्रिस्त राहतो, त्यामुळें पैदास करतां येते. बाहेरच्या पाण्यांत तें औषध नसल्यामुळें तो जागा होतो. केमन बेटांत २००९-१० मध्यें, मलेशियांत २०१० च्या अखेरीस आणि ब्राझीलमध्यें २०११ पासून असे डांस सोडण्यांत आले. पुढें याच कंपनीनें असा वाण काढला कीं ज्याच्या संततींतील फक्त माद्या मरतात; नर जगतात, तो जनुक पुढील कांहीं पिढ्यांपर्यंत नेतात, आणि मग तो हळूहळू नाहींसा होतो. २०२१ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा कीज या बेटांच्या रांगेंत हा वाण सोडण्यांत आला. महाराष्ट्राचाही या कथेशीं संबंध आहे. जालना जिल्ह्यांतील दावलवाडी येथें २०१७ च्या जानेवारींत याच कंपनीच्या पूर्वीच्या वाणाची चांचणी सुरू झाली. मात्र ती जाळीच्या पिंजऱ्यांत होती, डांस मोकळे सोडलेले नव्हते.

याच्याही पुढची एक पायरी आहे, आणि नीतीच्या दृष्टीनें तीच खरी पायरी होय. सामान्यतः एखादा जनुक आईबापांकडून निम्म्या संततीसच मिळतो. परंतु जीन ड्राइव्ह या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या रचनेंत तो जनुक स्वतःची नक्कल जोडीच्या गुणसूत्रावर करून ठेवतो, आणि त्यामुळें जवळजवळ सर्व संततींत उतरतो. अशा रीतीनें वंशाला हानिकारक असा गुणही पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाऊं शकतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं पिंजऱ्यांतील अनॉफिलीस गांबिए या आफ्रिकी डांसांवर हा प्रयोग केला, तेव्हां सात ते अकरा पिढ्यांत पिंजऱ्यांतील सारी प्रजा नष्ट झाली. पिंजऱ्याबाहेर असे डांस अद्यापि कोठेंही सोडलेले नाहींत. पहिल्या प्रकारचा डांस सोडणें थांबविलें कीं त्याचा परिणामही थांबतो; दुसऱ्या प्रकारचा डांस एकदां सोडला कीं सोडणाराच थांबतो, डांस थांबत नाहीं. या दोहोंस एकच नांव देऊन जे वाद घालतात ते दोन्ही बाजूंनीं वाचकांची दिशाभूल करतात.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप जीवदयेचा. डांस झाला तरी तो जीव आहे, आणि एका जीवजातीचा उच्छेद करण्याचा अधिकार माणसास कोणीं दिला, असें कित्येक सत्त्वशील माणसें विचारतात. हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. परंतु ज्या देशांत अहिंसेचा विचार सर्वांत खोल गेला, त्याच देशांत त्याच्या मर्यादेचाही विचार झालेला आहे. १९२६ सालीं अहमदाबादेंत एका गिरणीमालकानें आवारांतील भटकीं कुत्रीं मारविलीं आणि गांधीजींनीं त्यास दोष दिला नाहीं, तेव्हां त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा होता कीं, समाजाच्या रक्षणाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यानें केवळ आपले हात स्वच्छ राखण्यासाठीं दुसऱ्यांस संकटांत लोटणें ही अहिंसा नव्हे. कुत्र्यांच्या बाबतींत हें उत्तर सर्वांस पटो वा न पटो, डांसांच्या बाबतींत तें नाकारणें कठीण आहे. २०२३ सालीं जगांत हिंवतापाचे सुमारें २६ कोटि ३० लक्ष रोगी झाले आणि ५ लक्ष ९७ हजार माणसें मेलीं. त्यांतील शेंकडा ९५ आफ्रिकेंतील, आणि आफ्रिकेंतील मृतांपैकीं बहुतेक पांच वर्षांखालील मुलें. या मुलांच्या आईस कीटकाच्या जीविताचें माहात्म्य सांगावयास जाणाऱ्यानें आपल्या घरची मच्छरदाणी प्रथम काढून ठेवावी.

याशिवाय, आज आपण करतों तें काय कमी हिंसेचें आहे? औषधाचा फवारा डांस, मधमाशी, कोळी व फुलपांखरूं यांत भेद करीत नाहीं. उलट बदललेला नर आपल्याच जातीची मादी शोधीत जातो. इतर जीवांस त्याचा स्पर्शही होत नाहीं. केवळ जीवांची गणति करावयाची झाली तर नवा उपाय जुन्यापेक्षां अधिक अहिंसक ठरेल. जातीच्या उच्छेदाविषयीं म्हणावयाचें तर एडीस इजिप्ती हा मूळचा आफ्रिकेंतला. जहाजांतील पाण्याच्या पिंपांतून तो जगभर पसरला आणि आपल्या कुंड्यांत, टाक्यांत व टायरांत घर करून राहिला. एखाद्या शहरांतून त्यास हांकून देणें हा वंशोच्छेद नव्हे. आगंतुकास दार दाखविणें होय. परंतु अनॉफिलीस गांबिएची गोष्ट तशी नाहीं. तो आफ्रिकेंत आपल्या घरीं आहे. त्याचा समूळ नाश करण्याचा विचार करणारानें या भेदाचें भान ठेविलें पाहिजे, आणि डांस मारल्यावाचून त्याच्या पोटांतील जंतूचीच वाढ खुंटवितां येत असेल तर तो मार्ग आधीं शोधिला पाहिजे.

दुसरा आक्षेप निसर्गाच्या समतोलाचा. त्यांत जो भाग केवळ भीतीचा आहे त्यावर फार वेळ घालविण्याचें कारण नाहीं. शेती, कलम व देवी काढणें या सर्वांवर तो एकेकाळीं घेतला गेला होता. शिवाय ज्याचा तोल ढळूं द्यावयाचा नाहीं असें आपण म्हणतों, तो कित्येक ठिकाणीं आपणच पूर्वीं ढळविलेला असतो. हवाई बेटांत मुळीं डांस नव्हतेच. १८२६ च्या सुमारास ते जहाजांतून तेथें गेले. त्यांच्यामागून पक्ष्यांचा हिंवताप आला, आणि त्या बेटांवांचून जगांत अन्यत्र कोठेंही नसलेले सुंदर पक्षी एकामागून एक नष्ट होऊं लागले. तेथें माउई बेटाच्या अरण्यांत २०२३ च्या नोव्हेंबरपासून डांसांचे नर सोडण्यांत येत आहेत. त्यांच्या जनुकांत बदल केलेला नाहीं. त्यांच्या शरीरांत वोल्बाकिया नांवाचे निराळ्या जातीचे जंतु असल्यामुळें त्यांच्याशीं समागम करणाऱ्या माद्यांचीं अंडीं उबत नाहींत. अशा ठिकाणीं हात आवरून बसणें म्हणजे निसर्गाचा मान राखणें नव्हे. आपल्या पूर्वजांच्या चुकीवर शिक्कामोर्तब करणें होय.

परंतु या आक्षेपाचा दुसरा भाग भीतीचा नसून अनुभवाचा आहे, आणि त्यास आपल्याच देशाचा इतिहास साक्ष आहे. १९४७ च्या सुमारास भारतांत दरसाल साडेसात कोटि माणसें हिंवतापानें आजारी पडत व आठ लक्ष मरत, असा अंदाज होता. १९५३ सालीं डीडीटीच्या साह्यानें राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचें यश पाहून १९५८ सालीं तिच्या नांवांतील ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन ‘निर्मूलन’ हा शब्द आला, आणि १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या एक लाखावर येऊन ठेपली. विजय झाला असें सर्वांस वाटलें. मग पहारा सैल झाला. डांस औषधास सरावले. आणि १९७६ सालीं ती संख्या पुन्हां चौसष्ट लाखांच्या वर गेली. डीडीटीनें लक्षावधि प्राण वांचविले हें कोणी नाकारूं नये. पण ज्या उपायास आपण अंतिम म्हणतों तो बहुधा अंतिम नसतो, हेंही विसरूं नये. जनुकांच्या मार्गानेंही अशीं कोडीं उभीं केलीं आहेतच. ब्राझीलमधील जाकोबिना येथें सोडलेल्या डांसांच्या वंशाचा कांहीं अंश तेथील मूळच्या डांसांत उतरल्याचें कांहीं शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यावरून मोठा वाद झाला, आणि ज्या नियतकालिकांत तो लेख आला त्याच्या संपादकांनींही पुढें त्यांतील विवेचनाविषयीं शंका नोंदविली. त्या अंशानें डांस अधिक घातक झाले असा पुरावा कोणीं दिला नाहीं. पण सोडलेले डांस मरून जातील व मागें कांहीं उरणार नाहीं, अशी ज्यांची समजूत करून दिली होती त्या लोकांस यांत फसवणुकीचा वास आला, तर तो त्यांचा दोष म्हणतां येणार नाहीं.

येथें आपण मुख्य प्रश्नापाशीं येतों. आमच्या मतें हा प्रश्न डांसाच्या हक्काचा नसून शेजाऱ्याच्या हक्काचा आहे. लस एखाद्यास टोंचून घ्यावयाची नसेल तर त्यास नकार देतां येतो. औषध पिण्याचें नाकारतां येतें. परंतु हवेंत सोडलेला डांस कुंपण जाणत नाहीं. रस्त्याच्या एका बाजूस राहणारानें होकार दिला व दुसऱ्या बाजूस राहणारानें नकार दिला तरी त्या दोघांच्या अंगणांत तोच डांस फिरणार. ज्या निर्णयांतून कोणासही वैयक्तिक रीत्या बाहेर पडतां येत नाहीं, तो निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा? शास्त्रज्ञाचा म्हणावें तर तो त्या गांवांत राहत नाहीं. सरकारचा म्हणावें तर तें दूर आहे. आणि प्रत्येकाचा म्हणावें तर एका माणसाच्या नकारानें शंभरांस तापांत ठेवण्याचा प्रसंग येतो.

मुंबईनें शंभर वर्षांपूर्वीं या प्रश्नाचें एक रूप पाहिलेलें आहे. शहरांतील हिंवतापाचीं कारणें शोधून डॉ. बेंटले यांनीं १९११ सालीं अहवाल दिला. घरोघरच्या विहिरींत वाढणारा अनॉफिलीस स्टीफेन्सी हा डांस त्याच्या मुळाशीं आहे, असें त्यांत दाखविलें होतें. नगरपालिकेनें विहिरी बुजविण्याची व झांकण्याची मोहीम हातीं घेतली, तेव्हां अनेक पारशी व हिंदु कुटुंबांच्या धर्मभावनेस धक्का बसला. धर्मकृत्यास उघड्या विहिरीचें पाणीच चालतें, असें त्यांचें म्हणणें होतें. आज आपण या तक्रारीस हंसूं. परंतु आरोग्यखात्याचे अधिकारी नुसते हंसले असते तर काम झालें नसतें. कांहीं ठिकाणीं विहीर न बुजवितां तिच्यावर जाळी व झांकण बसवून मार्ग काढण्यांत आला. डांसही अडला व श्रद्धाही राहिली. समजावून सांगणें आणि ऐकून घेणें हा शास्त्राच्या कामांतील अडथळा नसून त्या कामाचाच एक भाग आहे, हा धडा त्या विहिरींच्या तळाशीं आहे.

तो धडा विसरल्यानें काय होतें हें दिल्लीच्या उदाहरणावरून दिसेल. जागतिक आरोग्य संघटना व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनीं मिळून डांसांच्या आनुवंशिक नियंत्रणाचें एक केंद्र १९७० च्या सुमारास दिल्लीस चालविलें. पैसा अमेरिकेचा होता. दिल्लीभोंवतालच्या खेड्यांत रसायनानें वांझ केलेले क्यूलेक्स नर सोडण्याचे प्रयोग झाले, आणि पुढें सोनपत शहरीं एडीस इजिप्तीवर प्रयोग करण्याचा बेत ठरला. १९७४ मध्यें वृत्तपत्रांतून प्रश्न उठले. आपल्या देशास खरी पीडा अनॉफिलीसची असतां एडीसवर एवढा भर कां? जो पीतज्वर आपल्या देशांत नाहीं, त्याच्या वाहकाची वागणूक जाणून घेण्यांत परक्यांस इतका रस कां? हें ज्ञान उद्यां युद्धाचें हत्यार तर होणार नाहीं ना? संसदेच्या लोकलेखा समितीनें १९७५ सालीं यावर कडक अहवाल दिला. सोनपतचा प्रयोग थांबला आणि केंद्रही बंद पडलें. जागतिक आरोग्य संघटनेनें सर्व आरोप नाकारले. शास्त्रज्ञांचा हेतु शुद्ध होता असें मानण्यास आम्हांस अडचण वाटत नाहीं. पण शुद्ध हेतूला लोकांपुढें येण्याची लाज कां वाटावी? जें आरंभींच चारचौघांत सांगावयास हवें होतें तें पुढें आरोपीच्या पिंजऱ्यांतून सांगावें लागलें, आणि तेव्हां त्यावर कोणीं विश्वास ठेविला नाहीं. ज्या वर्षीं केंद्र बंद पडलें त्याच्या पुढच्याच वर्षीं हिंवतापाचा आंकडा चौसष्ट लाखांवर गेला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अविश्वासाची किंमत रोग्यांनाच द्यावी लागते हें कळून येईल.

संमति मागण्याचे प्रयत्न पुढें झाले, आणि ते उद्बोधक आहेत. फ्लॉरिडांत २०१६ च्या नोव्हेंबरांत या प्रश्नावर मतें घेण्यांत आलीं. साऱ्या परगण्यानें बहुमतानें होकार दिला. पण ज्या की हेवन वस्तींत प्रथम डांस सोडावयाचे होते तिनें नकार दिला. २०२१ सालीं डांस सोडले ते दुसऱ्या बेटांवर. बहुमत कोणाचें मोजावें, लाभ मिळणाऱ्या सर्वांचें कीं प्रयोग सोसणाऱ्या थोड्यांचें, हा प्रश्न त्या मतपेटीनें सोडविला नाहीं, पण उघड केला. बुर्किना फासो या आफ्रिकी देशांत बाना गांवीं १ जुलै २०१९ रोजीं बदललेल्या जनुकांचे कांहीं हजार वांझ नर सोडण्यापूर्वीं गांवकऱ्यांशीं दीर्घकाळ बोलणीं झालीं. त्या देशांतील ड्यूला भाषेंत अशा शास्त्रीय संज्ञांस शब्दच नव्हते. तेव्हां लोकांच्या मदतीनें एक शब्दसंग्रह तयार करण्यांत आला. ज्या गोष्टीस आपल्या भाषेंत नांव नाहीं तिला होकार देणें हा खरा होकार नव्हे, हें ज्यांस सुचलें त्यांची आम्हांस प्रशंसा करावीशी वाटते. आणि तरीही २०२५ च्या ऑगस्टांत त्या देशाच्या सरकारनें हें सारें काम बंद करविलें. गांवानें दिलेली संमति राष्ट्रानें काढून घेतली. यांत योग्य कोण व अयोग्य कोण हें येथून ठरविणें धाडसाचें होईल. परंतु संमति ही एकदां मिळवून कपाटांत ठेवण्याची सनद नसून रोज जिवंत ठेवावयाचें नातें आहे, एवढें त्यावरून स्पष्ट होतें.

कोणी म्हणेल कीं, अशा अटी घालीत बसल्यास काम कधींच होणार नाहीं. हें खरें नाहीं. इंडोनेशियांतील योग्यकार्ता शहरीं वोल्बाकियायुक्त एडीस डांस लोकवस्तींत सोडण्यांत आले. शहराचे भाग पाडून कांहींत ते सोडले व कांहींत सोडले नाहींत. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, जेथें डांस सोडले तेथें डेंग्यूचें प्रमाण शेंकडा ७७ नें कमी होतें. लोकांनीं आपल्या घरांच्या आवारांत त्या डांसांच्या अंड्यांच्या बादल्या ठेवून घेतल्या. ज्या उपायाची बादली घरमालक स्वतःच्या हातानें ओसरीखालीं ठेवतो, त्यास विरोध करणें पुढाऱ्यांसही सोपें जात नाहीं.

दुसऱ्या बाजूनें, नकार देणारांसही कांहीं सांगणें अवश्य आहे. कांहीं न करणें ही देखील एक कृतीच आहे, आणि तिचीही जबाबदारी कोणावर तरी येते. ‘अजून पुरावा हवा’ हें वाक्य विद्वानाच्या तोंडीं शोभतें; पण प्रत्येक पावसाळ्यांत त्या वाक्याचें मूल्य कोणी तरी आपल्या मुलाच्या रूपानें देत असतें. ज्यांच्या खिडक्यांना जाळ्या आहेत व ज्यांस रुग्णालयांत खाट मिळते, त्यांनीं ज्यांस यांतील कांहींच नाहीं त्यांच्या वतीनें सावधगिरीचा उपदेश करणें हें फारसें भूषणावह नाहीं. सावधगिरी हवी, पण ती किती हवी हें ठरविण्याचा पहिला हक्क तापांत पडणाराचा आहे.

आणखी एक प्रलोभन आहे, व तें आपल्या मध्यमवर्गास विशेष लागू आहे. एडीस इजिप्ती हा रानांतला डांस नव्हे. तो आपल्या घराचा डांस आहे. त्याचें उड्डाण बहुधा कांहीं शें हातांचें. तो वाढतो तें पाणी आपल्याच गच्चीवरच्या उघड्या टाकींत, कुंडीखालच्या ताटलींत आणि अंगणांत फेंकलेल्या डब्यांत सांचलेलें असतें. आठवड्यांतून एक दिवस तें ओतून टाकण्याचें श्रम न करणारा समाज जेव्हां परदेशांतून विकत मिळणाऱ्या डांसांची वाट पाहतो, तेव्हां तो विज्ञानाचा सत्कार करीत नसून आपल्या आळसास विज्ञानाचा पोशाख घालीत असतो. असे डांस एकदां सोडून भागत नाहीं. ते पुनःपुन्हां सोडावे लागतात, म्हणजे पुनःपुन्हां विकत घ्यावे लागतात. लोकांचें आरोग्य एखाद्या कंपनीच्या पेढीवर कायमचें गहाण पडणार नाहीं, ही काळजी घेणें शासनाचें कर्तव्य आहे. अर्थात् जेथें पाणी दोन दिवसांआड येतें व म्हणून सांठवावेंच लागतें, तेथील गरिबांस टाक्या रिकाम्या करा असें सांगणें हा क्रूर विनोद होय. त्यांचा डांस हा त्यांच्या आळसाचा नसून नगरपालिकेच्या नळाचा आहे.

तेव्हां आमचा निष्कर्ष असा. जो डांस सोडणें थांबवितांच कालांतरानें नाहींसा होतो, त्याचा प्रयोग करण्यास नीतीची आडकाठी नाहीं. मात्र प्रयोगाचे गुणदोष गांवाच्या भाषेंत गांवास आधीं सांगितलेले असावे, नकार देण्याचा मार्ग खरोखर उघडा असावा, आणि प्रयोग करणारा व त्याची तपासणी करणारा हे एकच नसावे. जो डांस सोडल्यावर परत बोलावितां येत नाहीं व ज्याला राष्ट्रांच्या सीमाही अडवीत नाहींत, त्याच्या बाबतींत एका गांवाचा होकार पुरेसा नाहीं. जेथवर तो पोंचूं शकेल तेथवरच्या लोकांचें त्यावर बोलणें झालें पाहिजे, आणि तोंवर त्याचें स्थान पिंजऱ्यांतच आहे. हें बोलणें टाळण्यासाठीं निर्णय लांबणीवर टाकणें हाही अन्यायच होय.

१८९७ सालीं ऑगस्टच्या २० तारखेस सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांस डांसाच्या पोटांत हिंवतापाच्या जंतूचा माग लागला. तोंपर्यंत माणूस दूषित हवेला दोष देत असे. त्या दिवसापासून शत्रु कोण हें आपणांस कळलें. आणि आतां त्याच्या वंशाची कळही हातीं येऊं लागली आहे. ज्ञान वाढलें कीं निमित्तें कमी होतात. पूर्वीं ताप आला तर तें दैव म्हणतां येत असे. यापुढें डांस असला तरी तो आपण ठेविलेला, आणि नसला तरी तो आपण नाहींसा केलेला असेल. अशा वेळीं प्रयोगशाळेच्या दारापुढें जमलेल्या गांवकऱ्यांनीं विचारलेला अडाणी वाटणारा प्रश्नही उत्तरास पात्र आहे. कारण दार उघडल्यावर जें बाहेर पडणार तें त्यांच्याच घरीं जाणार आहे.